बाजूच्या केबिनमध्ये थांबा

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. इंदापूरच्या बाजारपेठेतलं खत-बियाणांचं मोठं दुकान. पाटावर लक्ष्मीचा फोटो, लाह्या, बत्तासे, झेंडूची फुलं. फोटोच्या शेजारी नवी केरसुणी उभी केलेली, तिला हळदकुंकू वाहिलेलं. त्याच रांगेत टेबलावर दुकानाचा कॉम्प्युटर. त्याच्या पडद्यालाही कुंकवाचं बोट लावलेलं. त्या कॉम्प्युटरसमोर मी बसले होते. मुहूर्ताला थोडाच वेळ होता.

शेठची म्हातारी आई खुर्चीत बसून माझ्याकडं बघत होती.

"कुठली गं तू पोरी?"

"कळसची."

"कळसात कुनाची?"

मी हसून सांगितलं. आनंदानं सांगितलं. "आजी, माझी आई केरसुण्या विकते. दर दिवाळीला तुमच्याच पायरीशी बसते. ही केरसुणी तिनंच केलेली आहे."

मला वाटलं, म्हातारी खूश होईल. म्हणेल, अगंबाई, तिची पोर एवढी शिकली होय! ओळख निघाली की माणसं खूश होतात असा माझा समज होता. इतका भाबडा समज शिकलेल्या पोरीनं बाळगू नये.

म्हातारीचा चेहरा बदलला. ती म्हणाली, "उठ तितनं."

मला कळेना. मी तशीच बसले. ती शेठकडं वळली. "ह्या मांगाच्या पोरीला पूजेच्या मशीनवर कुनी बशिवलं?"

दुकानात सगळे होते. शेठ, त्याचा भाऊ, बायका, गुमास्ता, गिऱ्हाइकं. कुणी लाह्या नीट करत राहिलं, कुणी झेंडूची फुलं. शेठनं मात्र फार अदबीनं सांगितलं. "मॅडम, तेवढं जरा पायरीवर थांबा. मुहूर्त होऊ द्या. आई जुन्या वळणाची आहे."

मी उठले. चपला घातल्या. पायरीवर जाऊन उभी राहिले. आईच्या हातची केरसुणी देवाशेजारी आणि आईच्या पोटची पोर बाहेर.

मी तेव्हा बारामतीत एका सीएंच्या ऑफिसात आर्टिकलशिप करत होते. सीए व्हायचं तर आधी कुणातरी सीएच्या हाताखाली काही वर्षं राबावं लागतं, ते राबणं. हिशेबाचं वर्ष एप्रिलला सुरू होतं हे व्यापाऱ्याला पक्कं ठाऊक असतं, तरी मुहूर्ताची पहिली नोंद त्याला लक्ष्मीपूजनालाच लागते. पूर्वी ती वहीत व्हायची, आता कॉम्प्युटरवर होते. मोठ्या क्लायंटकडं ती नोंद करायला आमचे सर ऑफिसातलं माणूस पाठवायचे. या दुकानाचं वर्षभराचं काम मी करायचे, म्हणून मी गेले होते. सोबत निखिल होता. तो माझ्याबरोबरचाच आर्टिकल, भवानीनगरचा, बागायतदाराच्या घरातला.

आता कॉम्प्युटरसमोर निखिल बसला. पण त्या दुकानाचं काम त्यानं कधी केलंच नव्हतं. त्यानं आतून हाक मारली. "पासवर्ड काय आहे गं?"

मी पायरीवरून सांगितला.

"आता कुठं जायचं?"

मी तेही सांगितलं. कुठलं खातं उघडायचं, कुठं काय लिहायचं, कुठलं बटण दाबायचं. मी बाहेरून बोलत होते आणि तो आत टाईप करत होता. सगळे शांतपणे ऐकत होते. माझा आवाज त्यांना चालत होता. न सांगता मी निघून जायला हवं होतं असं आता वाटतं. पण मुहूर्त टळला असता तर त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटलं असतं.

नोंद झाली. घंटा वाजली. गुमास्ता पेढे वाटत पायरीवर आला. माझ्या हातावर त्यानं पेढा वरून सोडला.

आज मी एका कंपनीची फायनान्स हेड आहे. तालुक्यातली कॉमर्स कॉलेजं मला भाषणाला बोलावतात. विषय ठरलेला असतो, अकाउंटन्सीतलं उज्ज्वल करिअर. बोलावणारे प्राध्यापक फोनवर बजावतात, "मॅडम, जरा पॉझिटिव्ह बोला, पोरांना हुरूप आला पाहिजे." मी बोलते. अभ्यास कसा करायचा सांगते, परीक्षेत नापास झालं तर खचायचं नाही सांगते. पेढ्याचं सांगत नाही. ते इथं लिहिते आहे.

लक्ष्मीपूजनाच्या त्या संध्याकाळी घरी गेले तेव्हा दुपारीच इंदापूरहून परतलेली आई उरलेल्या केरसुण्या बांधून ठेवत होती. शिंदीच्या पात्यांनी तिच्या बोटांना बारीक चिरा पडलेल्या असायच्या. मी सगळं सांगितलं. वाटलं, आई शेठच्या सात पिढ्या उद्धरेल. तिचं तोंड तसं कमी नव्हतं.

आई माझ्यावर चिडली.

"तू कशाला सांगितलंस कुनाची हायेस म्हून? गप बसायचं हुतं."

"का गप बसायचं?"

"आगं, त्येंच्या पायरीला बसून सनासुदीला चार पैसं मिळत्यात. उद्या हाकलून दिलं म्हंजी?"

मी जेवले नाही. आई जेवली, पण पाठ करून जेवली. वडील लवकर गेलेले. घरात आम्ही दोघीच, त्यामुळं भांडण झालं की बोलायला तिसरं कुणी नसायचं. पुढच्या दिवाळीला आई पुन्हा त्याच पायरीशी बसायला निघाली. मी तिचा भारा धरून ठेवला. लाज नाही का वाटत, म्हणाले. असं मी तिला म्हणाले, शेठला नाही. तिनं भारा ओढून घेतला.

"तू शिए हो. मग उठते मी तितनं."

एवढंच बोलून ती एसटीला गेली. त्या दिवसापासून माझी परीक्षा ही माझी एकटीची राहिली नाही.

त्या पहिल्या दिवाळीची सुट्टी संपल्यावर सरांना मी घडलं ते सांगितलं होतं. सर वाईट माणूस नव्हते. फी घेताना गरिबाची परिस्थिती बघायचे, आम्हाला सुट्ट्या द्यायचे. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "क्लायंट आहे. आपण समाज सुधारायला बसलोय का? आपण रिटर्न भरायला बसलोय."

मग माझ्या चेहऱ्याकडं बघून म्हणाले, "तू मनाला लावून घेऊ नकोस. तू आतच बस. तुझ्यासारखं काम कुणाचं नाही."

भिगवण रोडवरच्या त्या ऑफिसात एक मागची खोली होती. जुन्या फायली, मोडका पंखा, एक खिडकी. तिथं मी बसू लागले. क्लायंटकडं निखिल आणि बाकीचे जायचे, मी केलेले कागद घेऊन जायचे, चहा पिऊन यायचे. क्लायंट काय म्हणाला ते मला निखिलकडून कळायचं. सरांना वाटायचं, त्यांनी मला सांभाळून घेतलं. मलाही काही दिवस तसंच वाटलं. अपमान नको म्हणून माणूस कोपरा धरतो आणि मग कोपऱ्याची सवय होते.

मागच्या खोलीत बसूनच मी सीए झाले. नापास झाले, पुन्हा बसले, झाले. आमच्या वस्तीतल्या पोरांनी गावात फ्लेक्स लावला. त्यावर माझा फोटो मधे आणि भोवती सगळ्या पुढाऱ्यांचे. शाल-श्रीफळ भरपूर मिळालं. इंदापूरच्या त्या शेठनंही बोलावून सत्कार केला, तोही दुकानाबाहेर मांडव घालून. आई त्या दिवाळीला बसली नाही. शब्दाची पक्की होती.

निखिल परीक्षेत पुन्हा पुन्हा अडकला आणि शेवटी त्यानं नाद सोडला. बारामती एमआयडीसीत त्याच्या काकांची पशुखाद्याची कंपनी होती, तिथं तो लागला. त्यानंच काकांना माझं नाव सुचवलं. "काका, ही पोरगी घ्या, डोळे झाकून घ्या." त्यानं मला हे नंतर अनेकदा ऐकवलं. मी त्याचे आभार मानायचे आणि तो समाधानानं मान हलवायचा.

काकांना सगळे मालक म्हणायचे. मालक कष्टाळू माणूस, पहाटे प्लांटवर हजर असायचे. मला मॅडम म्हणायचे, अहो-जाहो करायचे. मी तिथं अकाउंट्स मॅनेजर झाले. त्यांचे फायनान्स हेड निवृत्त झाले तेव्हा त्यांचं सगळं काम माझ्या टेबलावर आलं. पद आलं नाही. बघू म्हणाले. दरम्यान मी कळसला घर बांधायला काढलं होतं, पत्र्याच्या जागी स्लॅबचं. भिंती उभ्या राहिल्या होत्या.

मालकांना नवा प्लांट टाकायचा होता, त्यासाठी बँकेचं मोठं कर्ज हवं होतं. पुढच्या वर्षांत विक्री किती होईल, मक्याचा आणि पेंडीचा भाव चढला तर काय, कर्ज कशातून फिटेल, ही सगळी मांडणी मी केली. पुण्याहून बँकेचे अधिकारी येणार होते. मी नवी साडी घेतली. आदल्या दिवशी घरी आरशासमोर बोलूनही बघितलं. आई दारातून म्हणाली, "कुनासंगट बडबडतीस?" मी म्हणाले, "बँकेसंगट." ती हसली.

सकाळी मालकांनी मला बोलावलं. निखिल तिथंच बसला होता, टाय घालून.

मालक म्हणाले, "मीटिंगला निखिल बसेल. तुम्ही बाजूच्या केबिनमध्ये थांबा. काही अडलं तर तो फोनवर मेसेज करील, तुम्ही तिथून सांगा."

मी विचारलं, "का?"

मालकांना 'का' ऐकायची सवय नव्हती. त्यांनी पेपरवेट फिरवलं. "मीटिंगनंतर जेवण आमच्या घरी आहे. मीटिंगला जो बसतो तो जेवायला येतो, त्याला काय मधूनच जा म्हणता येतं का? घरात बायका आहेत, आई आहेत. उगाच तुम्हालाच अवघड व्हायचं. माझ्या मनात काही नाही हो. आई जुन्या वळणाच्या."

या भागात वळणं सगळी आयांच्याच वाट्याला आलेली दिसतात. मुलगे सगळे सरळ रेषेत.

निखिल म्हणाला, "तू सांगशील तेच बोलतो मी. शब्द इकडचा तिकडे करणार नाही."

तो हे मनापासून म्हणाला. मला त्याचा रागसुद्धा नीट येईना. राग आला तो माझ्या स्वतःच्या जिभेचा, कारण ती "ठीक आहे सर" म्हणायला निघाली होती. तोंडापर्यंत आलं होतं. इतकी वर्षं मी तेच म्हणत आले होते. सीएची परीक्षा पास झाले, पण हे तीन शब्द गिळायला मला कुणी शिकवलं नव्हतं.

मी कागद उचलले. मीटिंगच्या खोलीत गेले. लांब टेबल होतं. मालकांच्या खुर्चीच्या उजव्या बाजूच्या खुर्चीवर बसले. समोर कागद ठेवले.

मालक मागोमाग आले. दारातच थांबले.

"उठा."

मी समोरचे कागद सरळ केले. 

"मॅडम, उठा म्हणतोय मी."

"मी उठणार नाही. हे काम माझं आहे. मी इथं बसून सांगेन, नाहीतर कुणीच सांगणार नाही. कागद माझ्याबरोबर जातील."

"तुम्ही मला धमकी देताय?"

"नाही. बसलेय."

खाली गाडी वाजली. बँकेची माणसं आली होती. मालकांनी माझ्याकडं असं बघितलं की तसं माझ्याकडं आधी कुणी बघितलं नव्हतं. मग ते हसत पाहुण्यांना घ्यायला गेले.

मीटिंग झाली. चमत्कार वगैरे काही नाही. बँकेच्या माणसांनी विचारलं, मी सांगितलं, एका ठिकाणी माझी मांडणी त्यांना पटली नाही, ती मी बदलून देते म्हणाले. अशा बैठका रोज कुठं ना कुठं होत असतात. मला मात्र घशाला कोरड पडेपर्यंत बोलावंसं वाटत होतं. माझा विचार माझ्याच तोंडून बाहेर पडताना मी पहिल्यांदा ऐकत होते.

मग सगळे जेवायला उठले. मालक पाहुण्यांना म्हणाले, "मॅडमना प्लांटवर काम आहे." गाड्या निघाल्या. निखिलनं गाडीच्या काचेतून बघितलं आणि मान वळवली. मी पार्किंगमध्ये उभी होते. वॉचमननं विचारलं, "तुमी न्हाय गेला व्हय जेवायला?" मी न्हाय म्हणाले. माझा डबा टेबलावर होता, पण मला तो उघडवेना.

मालकांनी मला काढलं नाही. काढायची गरज नव्हती. आठवड्याभरात निखिल फायनान्स हेड झाला. दारावर त्याच्या नावाची पाटी लागली आणि मला सांगण्यात आलं की त्याला काम शिकवायचं. निखिल माझ्या टेबलापाशी आला. खरंच ओशाळलेला होता.

"तू कर की काम पहिल्यासारखं. पाटीवर नाव माझं असलं तर काय बिघडतं?"

"बिघडतं."

 त्याच दिवशी मी राजीनामा टाईप केला.

यानंतर शूर माणसाचं कसं होतं ते सिनेमात दाखवतात. माझं तसं झालं नाही. बारामती लहान आहे. मी जिथं अर्ज करावा तिथं माझ्या आधी माझी कथा पोचलेली असायची. बँकेच्या माणसांसमोर मालकाच्या उरावर बसलेली बाई. एका ठिकाणी मुलाखत छान झाली आणि मग त्यांनी आमच्या जुन्या सरांना फोन केला. सर म्हणाले होते, "हुशार आहे, पण जुळवून घेत नाही." हे मला तिथल्याच एकानं सांगितलं. घराचं काम थांबलं. स्लॅब पडायचा होता, वर नुसत्या सळया. पावसात त्या गंजायला लागल्या. येणारे-जाणारे वर बघून जायचे.

 एक दिवस आईनं शिंदीची पाती भिजत घातलेली दिसली.

"हे काय?"

"दिवाळी जवळ आली. बसते की इंदापुरात. त्यात काय."

मी रडले. अंगणात, लोकांदेखत रडले. मला त्या क्षणी स्वतःची चीड आली, आईची आली, त्या खुर्चीची आली. तिथं न बसते तर काय झालं असतं? बाजूच्या केबिनला एसी होता. पगार वेळेवर होत होता. आईची बोटं बरी झाली होती.

अशा दिवसांत निखिलचा फोन आला. आम्ही दोघी अंगणातच होतो. फोन स्पीकरवर होता.

"ऐक, काकांनी फोन करायला सांगितलाय. बँक म्हणते फायनान्स हेड क्वालिफाइड सीए पाहिजे, नाहीतर कर्जाचा पुढचा हप्ता सोडणार नाही. काका म्हणतात, झालं गेलं विसर आणि ये. पद तुझं. पगार वाढवून देतील."

आई हातातलं काम थांबवून माझ्याकडं बघायला लागली. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला स्वच्छ दिसत होतं. होय म्हण, असंच होतं.

मी विचारलं, "पाहुणे आले तर जेवायला मी कुठं असेन?"

 निखिल म्हणाला, "अगं, ते जेवणाचं काय घेऊन बसलीस? काका म्हणालेत, तेवढं एक सोडून बाकी सगळं तुझ्या मनासारखं."

"तेवढं एक म्हणजे काय, ते काकांना त्यांच्या तोंडानं मला सांगायला लाव. प्लांटवरच्या सगळ्यांसमोर. नाव घेऊन. जुन्या वळणाची आई मधे आणायची नाही."

"असं कसं सांगतील ते?"

"मग मी येणार नाही."

"तुझं घर अर्धं पडलंय म्हणे. विचार कर जरा. तुझ्या भल्याचं सांगतोय."

"विचार केलाय. आणि निखिल, इथून पुढं कुणाला माझं नाव सुचवू नकोस. मी तुझे आभार मानून मानून थकले."

मी फोन ठेवला. आईनं पाती पुन्हा हातात घेतली. मग म्हणाली, "माती केलीस पोरी." मी तिला समजावलं नाही. तिला पटलं नाही, अजूनही पटलेलं नाही. पुढं परमुलखातल्या एका कंपनीनं मला घेतलं, हे पद दिलं, तरी ती म्हणते की ते नशिबानं झालं. असेल. झालं नसतं तरी त्या फोनवरचं माझं उत्तर तेच राहिलं असतं, एवढं मला स्वतःबद्दल ठाऊक आहे.

या नोकरीतही विचारतात. आडनावावरून थांबतात, गाव विचारतात, गावात कुठल्या बाजूला विचारतात. आता मी कुणी विचारायच्या आधीच सांगते. कळसची आहे. मांगवाड्यातली आहे. ज्याला खुर्ची सरकवायची असेल त्यानं तेव्हाच सरकवावी, माझ्यासमोर, म्हणजे मला त्याचा चेहरा बघता येईल.

माझं डोकं पगारावर मिळतं, मी ते फुकट देत नाही आणि भीकही मागत नाही. पण ते हवं असेल तर मला सगळीच्या सगळी आत घ्यावं लागेल, तुमच्या मीटिंगच्या टेबलापासून तुमच्या जेवणाच्या ताटापर्यंत. जमत नसेल तर कर्ज बुडू दे, प्लांट बंद पडू दे. मी बाहेर उभी राहून एक आकडा सांगणार नाही.